नसीम, इंदापूर

नसीम, आधी भांडणाचं बघू. रडणं काय, ते न बोलावता येतंच. परवा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते तेव्हाही आलं. पण भांडण अर्धं टाकून जायचं ही कुठली रीत? फोनवर तू म्हणालीस, "ठेव आता, गिऱ्हाईक आलंय." मी म्हणाले, "ठेवते." एवढंच आपलं शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात तुझ्याऐवजी तुझ्या नवऱ्याचा, इकबालभाईंचा फोन आला. मी तुझ्या दारात पोचले तेव्हा तुला न्यायची तयारी झालेली होती.

तू गेल्यावर एक काम माझ्यावर येऊन पडलं. एक बटण होतं. ते दाबायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं. आणि दाब म्हणून ओढणारीही तूच, नको म्हणून ओढणारीही तूच. मेल्यावरही माणसाला सुखानं जगू द्यायचं नाही, असं काही ठरवलं होतंस का?

त्या दिवशी तुझ्या घरात बसलेल्या बायकांनी मला विचारलं, "तुमी नसीमच्या कोन?" काय सांगणार? म्हणाले, मी बारामतीत शाळेत संगणक शिकवते. नसीमचं इथं चष्म्याचं दुकान. पत्रं लिहायचं, हिशेब मांडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. जगभरातले लोक हौसेनं ते मिळून बनवतात, त्याला मालक नाही. आम्ही दोघी त्याचं मराठी करायचो. त्याचा पगार नाही, काही नाही. एक म्हातारी बाई शांतपणे सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी मैतरीन." मी म्हणाले, "व्हय." सोप्या शब्दात सांगायला तू मला इतकी वर्षं शिकवलंस आणि ऐन वेळी मी पुन्हा पाल्हाळच लावला.

आपली ओळख झाली तीही भांडणातच. भाषांतराच्या साइटवर मी एखादी ओळ सुचवायची आणि कुणीतरी नसीम ती नामंजूर करायचा. 'करायचा' म्हणते, कारण मला तू पुण्यातला कुणी शहाणा पुरुष वाटायचीस. बाईमाणूस इतक्या उद्धटपणे लिहीत नाही, असा माझा भाबडा समज. शेवटी 'नसीमसाहेब' अशी सुरुवात करून मी चांगलं लांबलचक खरडलं. उत्तरात तू नुसता फोन नंबर पाठवलास. फोन केला तर पलीकडून बाईचा आवाज.

"साहेब न्हाय हितं कोण. इंदापुरात स्टँडजवळ माझं चष्म्याचं दुकान हाय. तुमी कुठल्या?"

बारामती म्हटल्यावर तू किती हसलीस! "मग बसनं या की भांडायला. टाइप करून बोटं कशाला मोडून घेताय?"

आले. निमगाव केतकीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागं बस रखडली, त्यात भांडायचा निम्मा जोर संपला. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तू नानकटाईची ताटली पुढं केलीस, त्यात उरलेलाही संपला.

नियम तू त्याच दिवशी घातलास. आपण केलेली ओळ आपण मंजूर करायची नाही. "आपला तो बाब्या आसतो," म्हणालीस. मी केलेली ओळ तू बघायची, तू केलेली मी. आणि दोघींच्या वर तुझं गिऱ्हाईक. जवळचा नंबर काढायला आलेल्या माणसाच्या हातात वाचनाचं कार्ड देतात, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत गेलेली. तुझ्याकडच्या जुन्या कार्डावर कुठल्याशा राजाची गोष्ट होती. ती सगळ्या तालुक्याला इतकी पाठ झाली होती की लोक डोळे मिटूनही वाचायचे. तू ते कार्ड काढून टाकलंस आणि अक्षरांची मापं तीच ठेवून आपल्या ओळींची कार्डं छापलीस. माणूस काचा लावून वाचू लागला की एका कानानं तू त्याची नजर तपासायचीस आणि दुसऱ्या कानानं आपलं मराठी. तो जिथं अडखळला ती ओळ संध्याकाळी माझ्याकडे परत. अर्ध्या इंदापूरनं ते सॉफ्टवेअर कधी पाहिलं नसेल, पण त्यातलं मराठी मात्र वाचलेलं आहे.

त्यातूनच वरकुट्याच्या आबांचं झालं. शेतकरी माणूस, जवळचं दिसेना म्हणून आलेला. वरच्या ओळी त्यांनी घडाघडा वाचल्या, सगळ्यात खालच्या बारीक ओळीशी गाडी अडली. तू पाव नंबर वाढवलास. तरी अडलीच. आणखी पाव वाढवलास. आबा भिडेखातर म्हणाले, "आता बरं हाय," आणि चष्मा घेऊन गेले. परत आले ते डोकं धरून.

"बाई, डोस्कं लई दुकतंय. पायरी वर आल्यावानी दिसती. पर चष्मा चांगलाच आसंल, तुमी दिलाय म्हंजी. माजंच डोळं गेलं आसत्याल."

तू त्यांच्या हातात कार्डाऐवजी वर्तमानपत्र दिलंस. पहिल्या नंबरातच त्यांनी त्यातल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचून दाखवल्या. मग तू कार्डावरची ती खालची ओळ स्वतः वाचलीस. 'विद्यमान दस्तऐवजातील अ-जतन फेरबदल त्यागण्यात येतील.' ही ओळ बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कुणालाही, कुठल्याही काचेतून दिसली नसती.

ती कुणाची, यावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. तू म्हणायचीस, "असलं सरकारी पीक बारामतीतच येतंय." मी म्हणायचे, तुझंच आहे. साइटवर बघितलं असतं तर तेव्हाच्या तेव्हा कळलं असतं. दोघींनीही कधी बघितलं नाही, आणि आता तर मी मुळीच बघणार नाही. चांगलं चाललेलं भांडण आहे, राहू दे.

आबांना तू नव्या काचा बसवून दिल्यास आणि ओळही बदलली. 'तुम्ही केलेले बदल साठवलेले नाहीत. आत्ता बंद केलं तर ते जातील.' हे सगळं फोनवर सांगताना मला हसू आवरत नव्हतं. तू हसत नव्हतीस.

"सुजाता, लिवणाऱ्याचं चुकलं आसंल असं त्या माणसाच्या मनातसुद्धा आलं न्हाय गं. त्याला वाटलं आपलीच नजर कच्ची. डोकं दुखलं तरी त्यानं सोसलं. लोकांना असं आंधळं ठरवायचं आसंल तर हे आपण करायचंच कशाला?"

मी तेव्हा काहीतरी बोलून विषय संपवला. आता रोज ते आठवतं.

आणखी एक गोष्ट आपण बोलायची राहिली. तू मराठीची समन्वयक झालीस, म्हणजे शेवटचा शब्द तुझा. तेव्हा एका ऑनलाइन गटात कुणीतरी लिहिलं, 'समन्वयकांचं नाव पाहता मराठी ही त्यांची मातृभाषा नसावी. निर्णय जाणकारांकडे असावेत.' माझं डोकं फिरलं. मी खरमरीत उत्तर लिहिलं आणि धाडण्याआधी तुला वाचून दाखवलं.

"नको पाठवू," तू म्हणालीस.

"का नको? तुला काही वाटत नाही?"

"माझ्या आजीला पुढं करायला पायजे हुतं. ती कुठल्या भाषेत शिव्या द्यायची ते त्याला कळलं आसतं."

हसलीस. फोन चालू होता, तुझ्या दुकानातल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. तुला किती लागलं होतं ते मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. एवढंच दिसलं, की पुढच्या आवृत्तीत भाषांतर करणाऱ्यांची नावं येतात तिथं नुसत्या 'नसीम'च्या जागी 'नसीम, इंदापूर' आलं. "नुसती नसीम जगात कुठंबी सापडंल," म्हणालीस. "इंदापूर लिवलं की मीच." इकबालभाईंनी त्या पडद्याचा फोटो काढला, फ्रेम केला आणि काउंटरच्या मागं लावला. तोवर ते आपल्या कामाला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचे. नंतरही म्हणायचे, पण चष्मे पुसायच्या फडक्यानं तो फोटोही पुसायचे.

माझा नवरा घर सोडून गेला त्या वर्षाचं सांगायचं राहिलंय. सगळी बारामती मला 'कशी आहेस' विचारायला येत होती. विचारताना त्यांचे डोळे घरभर फिरायचे, काय नेलं आणि काय ठेवलं ते बघत. तू एकदाही विचारलं नाहीस. दुपारी डब्याच्या सुट्टीत तुझा फोन यायचा, "त्या तक्त्याच्या ओळीचं काय केलंस?"

"बाई, माझं घर मोडलंय आणि तुला तक्ता सुचतोय?"

"व्हय. तक्ता कुठं मोडलाय अजून?"

संतापानं मी ती ओळ करायचे. दुसऱ्या दिवशी दुसरी. तू त्या नामंजूर करायचीस, मी चिडून पुन्हा करायचे. शाळेत सगळ्यांना वाटायचं, बाई किती धीराच्या! कसला धीर? मला तुझा राग यायचा आणि त्या रागावर दिवस निघायचा. मी जगले ती तुझ्यामुळं, नसीम. हे मी तुला तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण म्हणाले असते तर तू "बरं, पुढची ओळ?" म्हणाली असतीस.

आणि मग ते भाषांतराचं यंत्र आलं. नव्या आवृत्तीत ढीगभर नव्या ओळी आल्या होत्या, आपण दोघी थकलो होतो, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कळवलं, की उरलेलं यंत्राकडून भरून घेता येईल. फक्त समन्वयकानं मंजुरीचं बटण दाबायचं. नाहीतर अर्धवट राहिलेल्या भाषा या वेळी यादीतून वगळणार. मी म्हणाले, दाब. तू म्हणालीस, न्हाय.

"यंत्र आता चांगलं करतं, नसीम. कधी कधी तुझ्या-माझ्यापेक्षा बरं."

"करत आसंल. पर एवढ्या ओळी गिऱ्हाइकाकडनं वाचून कोण घेणार?"

"कुणीच नाही. पण सगळं मराठी तरी दिसेल ना."

"मग न्हाय."

"अगं, मराठी यादीतून जाईल!"

"जाऊ दे या खेपंला."

"तुझा हट्ट म्हणजे मराठी नव्हे," मी ओरडले. स्टाफरूममधल्या सगळ्या माना वळल्या.

तू आवाज चढवला नाहीस. "इंग्रजी दिसलं तर माणूस म्हणतो, मला इंग्रजी येत न्हाय. वंगाळ मराठी दिसलं तर म्हणतो, मला माझीच भाषा येत न्हाय. कुठलं वाईट, तूच सांग." आणि मग ते गिऱ्हाईक आलं.

मला उत्तर द्यायचं होतं. सांगवीहून माझ्या वर्गात येणारी एक मुलगी आहे. पडद्यावर इंग्रजी दिसलं की ती हात मांडीवर घेऊन बसते, पुन्हा कळफलकाला शिवत नाही. तिला कसंबसं का होईना, मराठी दिसलं असतं तर तिनं निदान हात लावला असता. तिचं काय, नसीम? हे मी तुला दुसऱ्या दिवशी विचारणार होते. म्हटलं, आज राग आहे, उद्या नीट बोलू. माझं सगळंच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

तू गेल्याचं मी साइटवाल्यांना कळवलं. कुठल्या लांबच्या देशातल्या बाईंचं उत्तर आलं, फार चांगलं लिहिलं होतं. समन्वयकाचे अधिकार त्यांनी माझ्याकडे दिले. यंत्राचं भाषांतर तयार आहे, म्हणाल्या. मंजूर केलं तर मराठी राहील आणि तुम्हा सगळ्यांची नावंही राहतील. नसीम यांचं नाव या आवृत्तीत असावं असं आम्हालाही वाटतं. नाहीतर मराठी जाईल आणि तिच्याबरोबर नावांची ओळही.

आता कळलं, तू दोन्हीकडून कशी ओढत होतीस ते? दाबलं असतं तर 'नसीम, इंदापूर' जगभर गेलं असतं. तू गेल्यावरही कुणी ते पान उघडलं असतं आणि तू तिथं असतीस. त्या गटातल्या शहाण्यालाही दिसली असतीस. आणि नाही दाबलं तर तुझा शब्द राहिला असता आणि तू पुसली गेली असतीस. खरं सांगते, मी दाबणारच होते. बोट पडद्यावर ठेवलंही होतं. पण नियम आठवला. म्हटलं, एकदा तरी गिऱ्हाइकाकडून वाचून घेऊ, म्हणजे मनाला टोचणी नको. आणि मनातून वाटत होतं, यंत्र पास होईल आणि मी तुला हरवीन.

तुझा चाळिसावा दिवस झाला त्यानंतर मी यंत्राच्या ओळींचं एक पान कार्डाच्या मापानं छापलं आणि इंदापूरची बस धरली. आता नंबर इकबालभाई काढतात. त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं, जुनं कार्ड बाजूला ठेवलं. एक आजी बसल्या होत्या, पोथी वाचायला चष्मा करायला आलेल्या. इकबालभाईंनी तपासणीची गोल फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली, काच घातली आणि पान हातात दिलं.

पहिली ओळ त्यांनी बोट ठेवून सरळ वाचली. दुसरी, तिसरी, चौथीही. मी मनातल्या मनात म्हणाले, बघ नसीम! तुझा फोटो मागं भिंतीवर नव्हता, तुझ्या नावाचा होता, त्याच्याकडेच बघून म्हणाले.

मग त्या एका ओळीशी आल्या. 'निवडीस लागू असलेले स्वरूपण मूळ शैलीकडून वारशाने प्राप्त असून ते परत फेडले जाईल.' आजी थांबल्या. पान जवळ घेतलं, लांब धरलं. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं आणि पुन्हा तिथंच थांबल्या. पदरानं डोळ्यांच्या कडा पुसल्या.

"अक्षरं दिसत्यात," त्या म्हणाल्या, "पर दिसंना. ऱ्हाऊ द्या बाबा. माजीच नजर गेली."

इकबालभाईंनी सवयीनं काचांच्या पेटीतून पाव नंबर उचलला.

मी त्यांचा हात धरला. भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर. "भाई, नंबर वाढवू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आजींच्या हातातल्या पानाकडे. काच परत पेटीत ठेवली. आबांची गोष्ट त्यांनाही ठाऊक होतीच.

मी आजींपाशी बसले. "आजी, नजर चांगली आहे तुमची. लिहिलंय तेच वाईट आहे."

"आसं आसतंय व्हय?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "लिवल्यालं बी वाईट आसतंय?"

हे तू किती लोकांच्या तोंडून ऐकलं असशील, नसीम. मी पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं तू फक्त अडलेल्या ओळी मला पाठवत आलीस, अडलेल्या माणसांचे चेहरे कधी पाठवले नाहीस.

आजी गेल्यावर मी इकबालभाईंना बटणाचं सगळं सांगितलं. नाही म्हटलं तर या वेळी तिचं नाव येणार नाही, हेही सांगितलं. ते फडकं हातात घेऊन फोटोकडे बघत उभे होते.

"ती काय म्हनली हुती?"

"नाही म्हणाली होती."

"मग मला कशाला इचारताय, ताई?" ते म्हणाले आणि फोटो पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत होते.

तुझ्या खुर्चीत बसून मी नकार कळवला. मराठी या वेळी यादीत नाही. तुझं नाव नाही. सांगवीची ती मुलगी पुन्हा हात मांडीवर घेऊन बसेल आणि तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटेल. तू बरोबर होतीस एवढं मी अजून म्हणत नाही; आजींच्या बाबतीत होतीस, त्या मुलीच्या बाबतीत आपलं भांडण बाकी आहे. मला फार एकटं वाटतं, नसीम. नामंजूर करणारं कुणी उरलं नाही.

आता पुन्हा पहिल्या ओळीपासून हातानं करायला घेतलंय. कार्डं इकबालभाई छापून देतात, अडलेल्या ओळी संध्याकाळी फोनवर सांगतात. दर आवृत्तीत नावांची ओळ नव्यानं भरावी लागते, ती मी सगळ्यांत आधी भरली. 'नसीम, इंदापूर. सुजाता, बारामती.' भरली खरी, पण ती माझी ओळ आहे. मला ती मंजूर करता येत नाही, तुझाच नियम. साइटवर तिच्यापुढं लिहून येतं, दुसऱ्या व्यक्तीनं बघायची बाकी आहे.

माझ्या ओळी तू बघायचीस.